किल्ले धारूरचा किल्ला : एका नावाचा व वास्तूचा विचार

बीड जिल्ह्यातील धारूर या तालुक्याच्या गावाचे नाव शासकीय कागदपत्रांत आणि नगरपरिषदेच्या व्यवहारात 'किल्ले धारूर' असे लिहिले जाते. साहजिकच गावाबाहेरच्या गडाविषयी बोलावयाचे झाले म्हणजे 'किल्ले धारूरचा किल्ला' असे म्हणण्याची पाळी येते. वरवर पाहता ही द्विरुक्ती आहे. परंतु बोलणाऱ्याला ती तशी वाटत नाही, आणि त्याचे न वाटणे बरोबरच आहे. कारण या वाक्खंडात 'किल्ला' हा शब्द दोनदा आला असला तरी दोन्ही ठिकाणी त्याचे कार्य एक नव्हे. दुसरा 'किल्ला' हे साधे सामान्यनाम आहे. पहिला 'किल्ले' ही कारभारातून आलेली एक उपाधी आहे, आणि ती आता वास्तूला सोडून गावाला चिकटली आहे. ही अदलाबदल कशी झाली, आणि वास्तूच्या आजच्या उपयोगाशी तिचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्थळाकडे पाहू. बालाघाटाची रांग बीड जिल्ह्याचे दोन भाग करते. उत्तरेस गोदावरीकाठचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश. दक्षिणेस मांजरेकडे उतरत जाणारे पठार. माजलगावाकडून केजेकडे जाणारा रस्ता घाट चढून जेथे पठारावर येतो तेथे धारूर वसले आहे. आजचा खामगाव-पंढरपूर महामार्गही याच घाटाने जातो. गोदेकाठचा माल व लष्कर दक्षिणेस न्यावयाचे असो की बीदर-विजापूरकडील फौज उत्तरेस उतरावयाची असो, हा चढ टाळणे सोपे नव्हते. किल्ल्यासाठी निवडलेली जागा पठारापासून पुढे आलेल्या एका सोंडेवर आहे. तिच्या कडेला खोल ओहोळ व दऱ्या आहेत, आणि जिकडून ती पठाराला जोडलेली आहे तिकडे खंदक खोदून तिला तोडलेले आहे. म्हणून धारूरला गिरिदुर्ग म्हणावे की भुईकोट, असा प्रश्न वर्गीकरण करणाऱ्यांना पडतो. गावाच्या बाजूने पाहणाऱ्यास तो भुईकोटच वाटतो. दरीतून पाहणाऱ्यास गिरिदुर्ग.

येथे पूर्वी राष्ट्रकूटांचा 'महादुर्ग' होता असे सांगण्याचा प्रघात आहे. त्यास पुष्टी म्हणून धारूर या नावाच्या प्राचीनतेकडे बोट दाखविले जाते. परंतु नावावरून असा निष्कर्ष काढण्यात धोका आहे. मराठवाड्यातील ऊकारान्त-रकारान्त ग्रामनामे दोन भिन्न मार्गांनी सिद्ध होऊ शकतात. एक मार्ग द्राविडी 'ऊर' म्हणजे गाव या शब्दाचा. लातूरचे जुने रूप 'लत्तलूर' हे राष्ट्रकूटांच्या बिरुदावलीत आढळते, ते या मार्गाचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. दुसरा मार्ग संस्कृत 'पुर' याचा. स्वरमध्य पकाराचा लोप होऊन 'पुर'चे 'उर' होणे हा प्राकृतातून मराठीत येताना घडणारा नेहमीचा व्यापार आहे. शेवटची दोन अक्षरे सारखी दिसतात म्हणून दोन गावांचे कुळ एक ठरत नाही. जुने लेखी रूप हाती असल्याखेरीज प्रत्ययावर राजवंशाची इमारत उभारणे हा आपल्या स्थानिक इतिहासलेखनाचा एक आवडता दोष आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी तरी त्याला हातभार लावू नये.

सध्याच्या किल्ल्याचा इतिहास मात्र इ. स. १५६७ च्या सुमारास स्पष्टपणे सुरू होतो. इ. स. १५६५ च्या जानेवारीत विजयनगरचा पाडाव करण्यासाठी एकत्र आलेल्या दक्षिणी सुलतानांचे सख्य फार दिवस टिकले नाही. अहमदनगरात हुसेन निजामशहा मरण पावून अल्पवयी मुर्तजा गादीवर आला व राज्याची सूत्रे त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हाती गेली. ही संधी साधून अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान निजामशाही मुलखात शिरला आणि त्याने धारूर येथे किल्ला बांधला. शत्रूच्या सरहद्दीत घुसून, तेथील वसूल ताब्यात घेण्यासाठी बांधलेला हा किल्ला होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संरक्षणासाठी बांधलेले किल्ले पुष्कळ. धारूरचा जन्म मुख्यतः महसुलासाठी झाला. म्हणजे आरंभापासूनच त्याचे नाते भोवतालच्या गावांशी आणि पिकांशी होते.

मुर्तजाने आईला बाजूस सारून इ. स. १५६९ च्या सुमारास सत्ता हाती घेतली आणि पहिली मोठी स्वारी धारूरवर केली. फेरिश्त्याने सांगितलेली हकीकत मोठी नाट्यमय आहे. किश्वरखानाचे उद्धट पत्र वाचून तरुण सुलतानाने, किल्ल्यात शिरेपर्यंत रिकिबीतून पाय काढणार नाही, अशी प्रतिज्ञा केली व तो थेट दरवाजावर चालून गेला. तटावरून मारा होत असता तो एकाएकी थांबला. आत जाऊन पाहतात तो किश्वरखान बाण लागून मरून पडलेला. फेरिश्ता त्या वेळी लहान असला पाहिजे, आणि पुढे त्याने लिहिले ते विजापूरच्या आश्रयाने. तेव्हा रिकिबीची गोष्ट जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. पण एवढे खरे की, बांधून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच किल्ला ज्याच्याविरुद्ध बांधला त्याच्याच हाती गेला, आणि पुढे साठेक वर्षे तो निजामशाहीकडे राहिला.

मोगलांनी धारूर घेतले ते इ. स. १६३१ च्या आरंभी. खानजहान लोदीचे बंड मोडण्यासाठी शाहजहान स्वतः दक्षिणेत उतरला होता. त्याचा सेनापती आझमखान याने बीडच्या बाजूस लोदीचा पराभव करून नंतर धारूरकडे मोर्चा वळविला. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनाम्या'त या किल्ल्याच्या बळकटीचे व त्यातील युद्धसामग्रीचे वर्णन आहे, दोन्ही अंगांच्या खोल ओहोळांचा उल्लेख आहे. परंतु भाषाभ्यासकाने व समाजेतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यान द्यावे ते त्यातील बाजाराकडे. आझमखानाचा पहिला हल्ला किल्ल्यावर नसून त्याच्या पायथ्याच्या कसब्यावर व तेथे भरणाऱ्या बाजारावर होता. पेठ पडली म्हणजे किल्ल्याचा श्वास कोंडतो, हे त्याने ओळखले होते. तो काळ १६३० ते १६३२ या भीषण दुष्काळाचा. धारूर घेऊन आझमखान परांड्यास गेला खरा, पण जनावरांना चाराच मिळेना म्हणून त्याला तेथला वेढा उठवावा लागला. अशा वर्षी धान्याचा साठा असलेला किल्ला आणि त्याखालची पेठ यांचे मोल सोन्याहून अधिक होते.

या विजयानंतर मोगली दप्तरात धारूरचे नाव 'फतेहाबाद' झाले, व औरंगाबाद सुभ्यातील एक सरकार या नावाने ओळखले जाऊ लागले. हे नाव टिकले नाही. मोगलांनी दक्षिणेत दिलेल्या अशा नावांची एक मालिकाच आहे : चाकणचे इस्लामाबाद, साताऱ्याचे आझमतारा, सिंहगडाचे बक्षिंदाबक्ष, तोरण्याचे फुतूहुल्गैब. यांतील एकही लोकांच्या जिभेवर रुळले नाही. उलट नव्याने वसलेल्या किंवा राजधानीचा मान मिळालेल्या स्थळांची नावे, उदाहरणार्थ दौलताबाद, औरंगाबाद, शतकानुशतके चालली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले ते २०२३ साली. यामागचे कारण सैनिकी किंवा धार्मिक नसून व्यवहाराचे आहे असे मला वाटते. ज्या गावाला आधीच बाजार आहे त्याचे नाव दर आठवड्यास शेकडो तोंडांतून उच्चारले जाते. दप्तरातील नाव त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. गंमत अशी की, 'फतह' हा शब्द मराठीने 'फत्ते' करून आपलासा केला आणि 'फतेहाबाद' टाकून दिले.

परंतु त्याच दप्तरातील दुसरा एक शब्द गावाने घेतला, तो 'किल्ले'. हे रूप 'किल्ला' या शब्दाचे अनेकवचन असून आदरार्थी योजिले आहे, असे स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येते. 'किल्ले रायगड' म्हणताना आज आपल्या मनात आदर असतो, हे खरे. परंतु उत्पत्ती म्हणून हे स्पष्टीकरण टिकत नाही. मोडी कागदांत 'किल्ले पुरंधर' जसे येते तसेच 'मौजे', 'कसबे', 'परगणे', 'सुभे' हेही येतात. दहा उंबऱ्यांच्या खेड्यालाही 'मौजे'च म्हणतात. त्यात आदर कसला? शिवाय या सर्व रचनांत सामान्यनाम आधी व विशेषनाम नंतर येते. मराठीचा स्वभाव याच्या उलट आहे. आपण 'धारूरचा किल्ला' म्हणू, 'बीड परगणा' म्हणू. हा उलटा क्रम फार्सीचा आहे, आणि शेवटचा एकार म्हणजे फार्सीतील दोन पदांना जोडणारी 'इजाफत' होय. 'किला-ए-धारूर' या फार्सी रचनेचे मराठी दप्तरदाराने 'किल्ले धारूर' केले.

याला आणखी एक पुरावा आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. सरकारी कागदांत अजूनही 'माहे जानेवारी' असे लिहितात. 'माह' हा शब्द व्यंजनान्त आहे. मराठीच्या कोणत्याही नियमाने त्याचे 'माहे' होणार नाही. तेथे इजाफत आपल्या मूळ स्वरूपात उघडी दिसते. बहुतेक व्यंजनान्त शब्दांत मात्र हा एकार गळून पडला. 'सरकार जुन्नर' किंवा 'तर्फ' लावून लिहिलेली नावे पाहावीत. आकारान्त शब्दांत तो टिकला, कारण मराठीत आकारान्त पुल्लिंगी नामाचा अन्त्य स्वर एकारात बदलणे ओळखीचे आहे. परका प्रत्यय भाषेत कोठे तग धरतो? जेथे त्याला आपल्या घरच्या प्रत्ययासारखे दिसता येते तेथे. 'किल्ले' हे अनेकवचनासारखे दिसले म्हणून वाचले, आणि अनेकवचनासारखे दिसले म्हणूनच पुढे त्यात आदर भरला गेला. उत्पत्ती म्हणून चुकीचे असलेले स्पष्टीकरण आजच्या वापराचे वर्णन म्हणून बरोबर ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ओघात 'किल्ला' या शब्दाच्या ध्वनीविषयीही दोन शब्द. अरबीतील 'ऐन' हा कंठ्य वर्ण मराठीत नाही. लकारानंतर ऐन येणारे दोन शब्द आपण घेतले आणि दोघांची वाट वेगळी लावली : एकात लकाराचे द्वित्व होऊन 'किल्ला' झाला, दुसऱ्यात हकार शिरून 'जिल्हा' झाला. धारूरकर एकाच वाक्यात 'बीड जिल्हा' आणि 'धारूरचा किल्ला' म्हणतो तेव्हा एकाच परक्या वर्णाची दोन मराठी रूपे तो उच्चारीत असतो.

शिवकालात रघुनाथ पंडिताने 'राज्यव्यवहारकोश' रचून फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्यात 'दुर्गवर्ग' हे स्वतंत्र प्रकरणच आहे. तरीही मराठी कागदांतून 'किल्ले' गेले नाही. बुरूज, खंदक, दरवाजा, बालेकिल्ला, तोफ हे शब्द अरबी, फार्सी, तुर्की कुळांचे, तट, माची, टाके, देवडी हे आपल्याकडचे, 'पेठ' दक्षिणेकडचा. एका किल्ल्याभोवती फिरून येण्यास भाषांची एवढी कुटुंबे लागतात, ही गोष्ट शुद्धतेच्या अभिमान्यांनी शांतपणे पाहण्यासारखी आहे.

अठराव्या शतकात धारूर निजामाच्या मुलखात होते. इ. स. १७६० च्या जानेवारीत उदगीरच्या बाजूस मराठी फौजांनी कोंडलेले सलाबतजंग व निजामअली धारूरकडे सरकू पाहत होते, कारण तेथे त्यांची ताज्या दमाची कुमक होती. सदाशिवरावभाऊंनी ते साधू दिले नाही. ३ फेब्रुवारीच्या लढाईने निकाल लागला. युद्धाच्या मोठ्या इतिहासातील धारूरचा हा बहुधा शेवटचा महत्त्वाचा उल्लेख, आणि तोही तेथपर्यंत न पोहोचलेल्या सैन्याचा. पुढे हैदराबाद संस्थानाचा भाग म्हणून सप्टेंबर १९४८ पर्यंत, मग १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा मराठवाड्याबरोबरचाच त्याचा प्रवास आहे. किल्लेदारी संपली, तोफा निकामी झाल्या. गाव मात्र वाढत राहिले आणि तालुक्याचे ठाणे झाले. 'किल्ले' ही उपाधी त्या काळात तटाआडून निघून नगराच्या नावात येऊन बसली.

आता वास्तूच्या आजच्या उपयोगाकडे वळू. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. शाळांच्या सहली, दुर्गप्रेमी मंडळी, कधी अभ्यासक येतात. तटाच्या दुरुस्तीची कामे अलीकडच्या काळात निघाली आहेत. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंटचा भरणा केला तर आत मुरलेले पाणी बाहेर पडावयास वाट राहत नाही व नवी दर्जच जुन्या दगडाला सोडविते, हे वास्तुसंरक्षणाचे साधे तत्त्व आहे. बालाघाटावर पाऊस बेताचा असला तरी एका जोराच्या सरीत ते तत्त्व आपली सत्यता दाखवू शकते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ला २०१४ साली राज्याच्या संगोपन योजनेखाली देखभालीसाठी खाजगी संस्थेकडे सोपविण्यात आला, तेथे बागा झाल्या, तिकीट आले, पाणीमहालावरून पडणारे पाणी पाहण्यास पावसाळ्यात गर्दी लोटू लागली. धारूरसही तसेच व्हावे असे म्हणणारे आहेत. व्हावयास हरकत नाही. परंतु नळदुर्गाजवळ बोरी नदीवरचा बांध आहे, आणि पाणीमहालाचे आकर्षण त्या बांधात आहे. धारूरचे वैशिष्ट्य वेगळे आहे, आणि ते डोळ्यांना चटकन दिसत नाही.

ते वैशिष्ट्य पाण्याचेच आहे. किल्ल्याच्या पाण्याच्या दोन जागांना 'खारी दिंडी' आणि 'गोडी दिंडी' अशी नावे आहेत. एकीचे पाणी खारे, दुसरीचे गोडे. विहिरीच्या पाण्याला खारे-गोडे म्हणण्याची रीत सर्व महाराष्ट्रात आहे, पण 'दिंडी' कशी? वारकऱ्यांच्या दिंडीशी याचा संबंध लावण्याचा मोह टाळावा. मोठ्या दरवाजाच्या फळीत किंवा तटात ठेवलेले लहान दार म्हणजे दिंडी, हा अर्थ मोल्सवर्थच्या कोशात आहे आणि जुन्या वाड्यांच्या बोलीत तो अजून जिवंत आहे. कन्नड व तेलुगूत याच अर्थाने 'दिड्डी' शब्द आहे. तेव्हा तो दक्षिणेकडून आला असावा. धारूरात दार व पाणी यांची सांगड पडली आहे. मला वाटते, तटातील ज्या लहान दाराने पाण्याकडे उतरावयाचे त्या दाराचे नाव कालांतराने पाण्यालाच मिळाले. पाण्याला जाणाऱ्या माणसाच्या तोंडी 'दिंडीवर जातो' म्हणजे 'पाण्याला जातो' हा अर्थ सहज स्थिरावतो. मोठे दार फार्सीने 'दरवाजा' केले, कारण त्यातून सरदार व हत्ती जात. लहान दाराचे नाव पखाल आणि घागर वाहणाऱ्यांनी ठेवले, ते दक्षिणी राहिले. किल्ल्याच्या बखरीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी वापरलेला शब्द किल्ल्यातच नांदत आहे.

स्मारकांचे संरक्षण करणारा आपला १९६० चा अधिनियम दगडाला संरक्षण देतो. दगडाला असलेल्या नावाला तो देऊ शकत नाही, आणि ती त्याच्याकडून अपेक्षाही नाही. परंतु दुरुस्तीच्या नकाशात 'बुरूज क्रमांक ४', 'टाके क्रमांक २' अशा संज्ञा येतात, त्याच पाट्यांवर चढतात, आणि पाट्यांवरून वाटाड्याच्या तोंडी जातात. नळाचे पाणी घरी आल्यापासून दिंडीवर जाण्याचे कारण राहिलेले नाही. ज्यांनी तेथून पाणी भरले किंवा त्या उतारावर शेरडे राखली त्यांचे वय आता साठीपुढे आहे. बीड जिल्ह्यातील सीताफळांना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा बालाघाटातील या टेकड्यांवरचे फळ कागदावर धारूरशी जोडले गेले. किल्ल्यातील नावांची मात्र अजून कोठे नोंदवही नाही.

हे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उन्हाळी सुटीत करता येण्यासारखे आहे. त्यासाठी पद्धतीविषयी एकच सूचना करतो. माणसाला घरी बसवून, नकाशा समोर ठेवून 'याला काय म्हणतात' असे विचारू नये. अशा प्रश्नाला बहुधा पुस्तकी उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्याचा दोष नसतो. त्याच्याबरोबर गावातून निघून खंदकापर्यंत, तेथून तटाकडेने दिंडीपर्यंत चालत जावे व तो काय म्हणतो ते टिपावे. 'खालची', 'पल्याडची', 'मोडकी' अशी साधी विशेषणे नाव म्हणून आली तरी ती गाळू नयेत. स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण पाण्याच्या जागांची नावे पुरुषांकडे बहुधा अर्धीच असतात. खारीचे पाणी कशासाठी वापरीत आणि गोडीचे कशासाठी, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.